गिटारची बैठक

लहानपणी दोन वर्षं तबल्याच्या क्लासला जायचो. पहिला महिनाभर सरांनी बोल वगैरे फारसं काही शिकवलंच नाही. फक्त बसायला शिकवलं. मांडी अशी, पाठ अशी, खांदे सैल, डग्गा इतका लांब. मला भयंकर कंटाळा यायचा. "आधी बैठक जमू दे, मग हात आपोआप पडतो," असं सर म्हणायचे. तबला दोन वर्षांत सुटला आणि ते वाक्यही सुटलं. गेल्या वर्षी ते अचानक आठवलं ते फिजिओथेरपिस्टकडे, पालथा पडलेलो असताना.

झालं असं की चार वर्षांपूर्वी मी लेस पॉल आकाराची गिटार घेतली. खरी गिब्सनची नाही हो, तेवढे पैसे कुठले! त्या आकाराची स्वस्तातली नक्कल. पण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत होस्टेलच्या भिंतीवर जे पोस्टर होतं त्यात स्लॅशच्या गळ्यात तीच होती ना. मांडीपर्यंत लोंबणारी, बदामी रंगाची. दुकानदाराने तीनचार गिटारी काढून दाखवल्या. मी बाकीच्यांना हातही लावला नाही. लॅपटॉप घेताना आठवडाभर एक्सेल शीट करणारा मी, गिटार निव्वळ रूपावर घेतली.

वर्षभर मजेत गेलं. मग डावा खांदा दुखायला लागला, मागून उजवं मनगट. दिवसाचे नऊ तास माऊस आणि कीबोर्ड, त्यावर रात्री तासभर हे. हळूहळू तासाचा अर्धा तास झाला, मग फक्त शनिवार, आणि मग एके दिवशी लक्षात आलं की स्टँडवरच्या गिटारवर धूळ बसलीय आणि तिच्या हेडस्टॉकला माझं ऑफिसचं आयडी कार्ड लटकतंय. बाबा घरी आले होते, ते म्हणाले, "वाजवत नसशील तर विकून टाक, उगाच जागा अडवते." बोलले सहज, पण मला लागलं. कॉलेजचा बँड संपला, त्यातला एक जण कॅनडात, एक बंगलोरला. माझ्याकडे त्या दिवसांतलं उरलेलं एवढंच होतं, आणि आता त्याचीही खुंटी झाली होती.

त्या फिजिओ मॅडमनी एकच सांगितलं, "गिटार घेऊन या एकदा. कशी धरता ते बघू." घेऊन गेलो. त्यांना गिटारमधलं काहीही कळत नव्हतं, आणि तेच बरं झालं. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. खांदा वर उचललेला, उजवा हात कडेवर टेकून मनगटात मोडलेला, मान खाली. "ही एवढी जड का आहे?" असं त्यांनी विचारलं. मी विमानप्रवासासाठी घेतलेल्या बॅग तोलायच्या काट्याला ती लटकवून पाहिली. ४.४ किलो. तेवढं वजन एका पट्ट्याने एकाच खांद्यावर.

मग मात्र एक्सेल शीट उघडली.

गंमत म्हणजे हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वीच कुणीतरी सोडवून ठेवलाय. फेंडरची टेलिकास्टर १९५० साली आली (हे नाव १९५१ चं, आधी तिला ब्रॉडकास्टर म्हणायचे). ती म्हणजे सरळ लाकडाची फळी. कडा जवळजवळ काटकोनातच. मी मित्राची टेली वीस मिनिटं वाजवली आणि हातावर लाल रेघ उठली. त्या काळच्या वादकांचीही हीच तक्रार होती की फळीचे कोपरे बरगड्यांत रुततात. रेक्स गॅलियन आणि बिल कार्सन या वादकांची नावं त्यात घेतली जातात. लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, त्यामुळे तो वाजवणाऱ्यांचं ऐकायचा. (आमच्याकडे युजरचं इतकं ऐकलं असतं तर...! असो.) १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मागे पोटासाठी खोलगट भाग, पुढे हात टेकतो तिथे उतार आणि दोन शिंगं आली. वरचं शिंग लांब आहे ते नुसतं दिसायला नाही. पट्ट्याची खुंटी त्यामुळे साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत पुढे सरकते आणि गिटार गळ्यात सरळ राहते.

याच्या उलट उदाहरण एसजीचं. लेस पॉल १९५२ ची, पण खप घसरला म्हणून गिब्सनने १९६१ मध्ये तोच मॉडेल पातळ, हलका, दोन शिंगांचा करून विकायला काढला. खुद्द लेस पॉलना तो आवडला नाही, आणि काही काळाने त्यांचं नाव त्यावरून गेलं. मला एसजी फार आवडली होती. पातळ, सगळ्या फ्रेटपर्यंत बोटं पोचतात. पण हात सोडला की मान खाली झुकते. अंग हलकं, मान लांब, पट्टा मागे. म्हणजे डावा हात सूर धरता धरता गिटारही धरणार. माझ्या खांद्याला हे नकोच होतं. फ्लाइंग व्ही दुकानात बसून धरून पाहिली ती केवळ हौस म्हणून. मांडीवरून घसरते. दोन पंखांच्या मधे मांडी घालून क्लासिकल गिटारसारखी धरली तर बरी बसते, पण मग आपण रॉकस्टार न दिसता परीक्षेला बसलेलो दिसतो.

दुकानात मी यावेळी अट घातली की आरसा बघायचा नाही. प्रत्येक गिटार वीस मिनिटं, दहा बसून, दहा उभं राहून, तीच तीन गाणी. दुकानातला पोरगा वैतागला असणार, पण चहा दिला त्याने. शेवटी स्ट्रॅटच्या आकाराची उचलली. ३.४ किलो.

सगळं गोड नाही. लेस पॉलची तार साधारण ६२८ मिलिमीटर, हिची ६४८. वीस मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण त्याच तारा जास्त ताणलेल्या लागतात आणि पहिल्या तीन फ्रेटवर बोटं जास्त फाकवावी लागतात. व्हॉल्यूमचं बटण इतकं जवळ की करंगळी लागून आवाज मधेच बसतो. आणि आवाजाचं म्हणाल तर तो जाडसर, तुपासारखा आवाज स्ट्रॅटच्या साध्या पिकअपमधून येत नाही. म्हणून ब्रिजपाशी हंबकर असलेली घेतली. चोखंदळ लोक नाक मुरडतात याला. मुरडोत.

जुनी विकायला दोन महिने लागले, कारण मीच गिऱ्हाइकं परतवत होतो. शेवटी ऑफिसातल्या एका ज्युनियरने घेतली. सहा फूट उंच, जिमला जाणारा. त्याने गळ्यात अडकवली आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघत बसला. मी काट्याचा आकडा सांगितला. "चालतंय की दादा," म्हणाला. मी त्याला रुंद पट्टा फुकट दिला.

आता रोज चाळीस मिनिटं होतात. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दर पंधरा मिनिटांनी मोबाईल वाजतो आणि मी खांदे सोडतो. काल पहिल्यांदा गजर ऐकूच आला नाही, सव्वा तास झाला होता. सकाळी उठल्यावर आधी खांदा चाचपला. काही नाही. डाव्या हाताची दोन बोटं मात्र सोलवटली आहेत, कीबोर्डवर ई आणि डी दाबताना चुणचुणतंय.