काशाची वाटी

काशाची वाटी हाताला गार लागते आणि दिसते त्यापेक्षा जड भरते. तांबे आणि कथील यांचा हा मिश्रधातू. टिचकी मारली की खणकन वाजतो. झांजाही त्याच्याच. आमच्याकडे चैत्र-वैशाखात ही वाटी रोज रात्री निघायची. तळपायाला आधी बोटभर तूप, ते नसले तर खोबरेल, आणि मग वाटीची पालथी बाजू टाचेपासून बोटांपर्यंत गोल गोल. थोड्याच वेळात तूप काळे पडे. तो काळा थर बोटावर घेऊन आजी म्हणायची, “बघ, केवढी उष्णता भरली होती अंगात!”

आता कळते, की त्या काळेपणाशी उष्णतेचा काही संबंध नव्हता. तुपातली नि घामातली आम्ले आणि घासताना सुटणारे धातूचे कण यांची ती करणी. माघातल्या थंडीत घासले तरी तूप काळे होणारच. मालिशने अंगातली विषद्रव्ये बाहेर पडतात, हे पार्लरच्या पाटीवरचे वाक्यही त्याच जातीचे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे बिनबोभाट करतच असतात. पण आजीचे निदान चुकले म्हणून औषध चुकले असे होत नाही. डावा पाय घासून होईपर्यंत उजव्या पायाच्या मालकाला झोप लागलेली असे.

आपल्या कातडीत, विशेषतः पाठीवर, हातांवर, कपाळावर, हळुवार फिरणाऱ्या हाताला ओळखणारे मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर हा वेग त्यांना सर्वांत मानवतो, आणि बाळाला थोपटून झाल्यावर आईचा हात साधारण याच वेगाने फिरतो. टिफनी फील्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1986 साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून तीनदा 15-15 मिनिटे, असे 10 दिवस चोळलेल्या बाळांचे वजन इतरांपेक्षा रोज सरासरी 47 टक्के अधिक वाढले; दूध दोघांनाही सारखेच होते. आपल्याकडच्या, बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशींना हे सांगितले तर त्या म्हणतील, “मग? नाहीतर काय!” (बाळाच्या कानात तेल ओतायची सवय मात्र त्यांनी सोडलेली बरी.)

वाग्भटाने अष्टांगहृदयात रोजच्या दिनचर्येतच अभ्यंग घातले आहे. डोके, कान आणि पाय यांना विशेष करून. अजीर्ण झाले असता करू नये, हेही तिथेच बजावले आहे. आपण ते रोजचे काम दिवाळीच्या एका पहाटेवर आणून ठेवले.

तान्ह्या बाळाला तेल लागते, बाळंतिणीला लागते. कोल्हापूरच्या तालमींत मेहनत झाली की पैलवान एकमेकांचे अंग रगडून देतात. राहतात ती म्हातारी माणसे. त्यांच्या अंगाला कोणाचा हात लागतो तो ब्लडप्रेशरचा पट्टा बांधताना किंवा तपासणीसाठी रक्त काढताना.

त्यावर बाजाराने तोड काढली आहे. हल्ली ग्राहकपेठांत काशाच्या थाळ्यांचे यंत्र असते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून माणूस खुर्चीत बसतो, पायाखाली दोन थाळ्या गरगर फिरतात, हातात मोबाइल. पायांना बरे वाटतेही, खोटे कशाला बोला. पण पोटरीत गोळा कुठे बसलाय ते शोधत शोधत अंगठा नेमका तिथे येऊन थांबतो आणि “इथे ना रे?” असे कोणी विचारते, ते सुख त्या थाळ्यांत नाही. माझ्या मते मालिशचा निम्मा गुण त्या विचारण्यात आहे.

तेव्हा वाटी आणा. भांड्यांच्या बाजारात ती अजून मिळते. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर वाटी नको, नुसता हलका हात पुरे. एकच पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल तर तिला मुळीच चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते. आधी डॉक्टर गाठा. एरवी घरातल्या थोरल्या माणसाचे पाय आज जेवणे झाल्यावर मांडीवर घ्या. दोनदा “अरे, राहू दे” म्हणतील, तिसऱ्यांदा म्हणणार नाहीत. आणि झाल्यावर तळवे नीट पुसून द्या. तुपकट पायांनी फरशीवर घसरायला होते.