थट्टेची उधारी

लग्नघरात व्याह्यांची थट्टा सुरू झाली की मागे बसलेल्या बायका मुद्दाम पुढे सरकतात. मारवाडी घरांत व्याह्यांना उद्देशून गाळीची गाणी म्हटली जातात, गुजराती घरांत तशाच गाण्यांना फटाणे म्हणतात, आणि मराठी घरांत विहिणीच्या पंगतीला टोमण्यांची गाणी चालत आलेली आहेत. वरबापाचे पोट, वरमाईचा नखरा, करवल्यांचा नट्टापट्टा, यांतले काहीही सुटत नाही. तरीही या गाण्यांपायी सोयरीक मोडल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. उलट, गाणी झाली नाहीत तर लग्न फिके झाले, असे जुनी माणसे म्हणतात.

या थट्टेला मर्यादा असतात आणि त्या कोणी लिहून ठेवलेल्या नसतात. तिची वेळ ठरलेली असते. पंगत उठली की ती संपते. तिचे नाते ठरलेले असते. व्याह्याची थट्टा व्याही करतो, मेहुण्याची मेहुणा करतो. जावयाच्या गरिबीवर किंवा विधवा आत्येवर कोणी गाणे रचीत नाही. ती समोरासमोर होते. ज्याची थट्टा व्हायची तो तेथेच बसलेला असतो आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग पालटताच गाणारी बाई पुढचे कडवे गिळून टाकते. शेवटचे म्हणजे, दुसऱ्या पक्षाला उत्तराचा हक्क असतो. एका बाजूचे गाणे संपते न संपते तोच दुसऱ्या बाजूचे सुरू होते आणि हिशेब तेथल्या तेथे चुकता होतो.

आज घराण्याचा, समाजाचा, बाजारातील व्यापाऱ्यांचा असा प्रत्येकाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. तेथे थट्टा चालते, पण या चारांपैकी एकही मर्यादा तेथे उरलेली नसते. विनोद रात्री अकराला टाकला जातो आणि कोणी तो पहाटे, कोणी दुपारी जेवताना वाचतो. त्यात आजोबा असतात, नातसून असते, आणि परगावी दिलेल्या मुलीचा नवराही असतो. कोणाचे कोणाशी थट्टेचे नाते आहे, याचा विचार होत नाही. चेहरा दिसत नाही, त्यामुळे कडवे गिळण्याची वेळ कधी येतच नाही. आणि ज्याच्यावर विनोद झाला, त्याने उत्तर द्यावे तर तो चिडका ठरतो, न द्यावे तर त्याला ते मान्य आहे असे गृहीत धरले जाते.

दक्षिण महाराष्ट्रातील बाजारपेठेच्या एका गावी, एका मोठ्या घराण्यात असेच घडले. त्या घराण्यातील एका पुतण्याचे कापडाचे दुकान दोन वर्षे तोट्यात चालून अखेरीस बंद झाले. त्याने कोणाचे पैसे बुडवले नाहीत. शिल्लक माल घाऊक भावाने काढला, व्यापाऱ्यांची देणी भागवली आणि चाळिशी उलटल्यावर दुसऱ्याच्या पेढीवर हिशेबनीस म्हणून रुजू झाला. घराण्यातील सर्वांत वडील माणसाने, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्या पडत्या काळात त्याला काही रक्कम दिली होती. कागद केला नव्हता, व्याज बोलले नव्हते. अण्णांच्या वहीत फक्त त्याचे नाव आणि तारीख होती.

दिवाळीच्या आधी घराण्याच्या ग्रुपवर एका तरुण चुलतभावाने बंद शटरचे एक चित्र टाकले. खाली लिहिले होते की, दादांच्या दुकानात यंदा सर्वांत मोठा सेल आहे, मालही नाही आणि दुकानही नाही. तो तरुण घरातला हसरा, हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध होता. पाहता पाहता हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने पुढची कोटी केली, दुसऱ्याने त्याच्यावर कडी केली. दादाने एवढेच लिहिले की, पोरे घरी हे वाचतात. त्यावर लगेच उत्तर आले, "गंमत होती दादा, एवढं काय मनाला लावून घेता?" तेथे विषय संपला, असे सगळ्यांना वाटले.

त्या वर्षी अण्णांच्या घरी वहीपूजनाला दादा आला नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो एकटा आला, पाया पडला आणि त्याने अण्णांपुढे सगळी रक्कम ठेवली. पत्नीच्या पाटल्या मोडून त्याने ती उभी केली होती, हे नंतर कळले. व्यापारी माणसाला या कृतीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. खाते चालू असते तोवर येणे-जाणे असते. एकरकमी खाते मिटवणे म्हणजे दार लोटून घेणे.

अण्णांनी विचारले, "तुझ्याकडे मागितले कोणी होते? एवढी घाई कशाला केलीस?"

तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी हसणाऱ्यांत तुमचंही नाव होतं."

अण्णांना काही आठवेना. नातवाने फोनमध्ये मागे जाऊन दाखवले. सकाळच्या पन्नास निरोपांत, चष्मा न लावता, सगळ्यांनी जे दाबले तेच त्यांनीही दाबले होते.

ग्रुपवरील भांडणात चार प्रकारची माणसे असतात, ती या एका प्रसंगातही दिसतात. पहिला डिवचणारा. त्याला बहुधा शत्रुत्व करायचे नसते. त्याला दाद हवी असते आणि घरच्या माणसाच्या उणिवेवर दाद स्वस्तात मिळते. दुसरा कडी करणारा. तो स्वतः सुरुवात कधी करीत नाही, पण दुसऱ्याने पेटवलेल्या काडीवर गवत टाकतो. तिसरा न वाचता हसणारा. चौथा गप्प राहणारा, ज्याला मनातून ते आवडलेले नसते, पण आपण कशाला मध्ये पडावे म्हणून तो फोन खाली ठेवतो. दुखावलेला माणूस पहिल्याला एक वेळ क्षमा करतो, कारण त्याचा स्वभाव त्याला ठाऊक असतो. त्याच्या मनात घर करून बसतात ते तिसरा आणि चौथा, कारण त्यांच्याकडून त्याने आधाराची अपेक्षा केलेली असते.

मतभेद नसावेत, असा याचा अर्थ नव्हे. महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन वादांतूनच घडले आहे. लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघेही १८५६ च्या जुलैत जन्मले. दोघांनी एकत्र शाळा चालवली, एकत्र पत्रे चालवली; 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूरच्या दिवाणांसंबंधीच्या लेखनावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली दोघे डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बरोबर राहिले. पुढे समाजसुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, यावरून त्यांचे बिनसले. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. दोन्ही पत्रांतून झालेला वाद कठोर होता आणि तो पुष्कळदा व्यक्तिगत कटुतेपर्यंत गेला. तरीही विधवांचे हाल, संमतिवय, शिक्षण या प्रश्नांवर त्या वादाने मराठी माणसाला विचार करायला लावले. १८९५ च्या जूनमध्ये, वयाची चाळिशीही न गाठता आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

याच आगरकरांच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारचा विरोधही आला. पुण्यातील काही सनातन्यांनी त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढली आणि आपलीच अंत्ययात्रा जिवंतपणी पाहण्याची वेळ त्यांच्यावर आणली. त्या मिरवणुकीतले लोकही हसत असतील, टाळ्या देत असतील. त्यांच्यापाशी आगरकरांच्या युक्तिवादाला उत्तर असते, तर तिरडी बांधण्याची गरज पडली नसती. टिळकांचा विरोध आणि ती प्रेतयात्रा, दोन्हींतून आगरकरांना त्रासच झाला; पण टिळकांच्या लेखाला लेखाने उत्तर देता येत होते, तिरडीला कशाने उत्तर देणार?

विनोदाच्या बाबतीतही हाच भेद करता येतो. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेला 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात रविकिरण मंडळाच्या कवींची यथेच्छ फिरकी घेतलेली होती. त्या काळात त्याने काही मने दुखावलीही असतील. परंतु त्यातील मुख्य रोख कवितेच्या शैलीवर होता आणि शैली बदलणे कवीच्या हातात असते. आवडली तर ठेवावी, नाही तर सोडावी. ज्याची थट्टा होते त्याला ती गोष्ट बदलता येईल की नाही, हा निकष घरातही चालतो. एखादा काका सभेत लांबलचक बोलतो, यावर हसावे. तो पुढच्या वेळी आटोपते घेईल. पण सुनेचा सावळा रंग, भावजयीला मूल नसणे, मुलाचे लग्न लांबणे, भावाचे दुकान बुडणे, यांवर केलेल्या विनोदाला तो माणूस काय करणार? त्याच्याजवळ फक्त सहन करणे उरते.

अशा वेळी कायद्याकडे धाव घेण्याची भाषाही ऐकू येते. अब्रुनुकसानीची तरतूद भारतीय दंड संहितेत होती आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. परंतु ऑनलाइन मजकुरावर सरसकट अटकेची मुभा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले, कारण 'त्रासदायक' आणि 'आक्षेपार्ह' हे शब्द इतके संदिग्ध होते की त्यांत काहीही बसवता येत होते. ग्रुपच्या ॲडमिनविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली असे म्हटले की, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज एखाद्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. हे निर्णय योग्यच आहेत. पण न्यायालयाने ज्याला जबाबदारीतून मोकळे केले, त्याला कुटुंब मोकळे करीलच असे नाही. घराण्याचा ग्रुप ज्याने तयार केला, त्याने सर्वांना एका ओसरीवर बोलावलेले असते. ओसरीवर पाहुण्याचा अपमान झाला, तर यजमान 'माझा हेतू नव्हता' एवढे म्हणून आत निघून जात नाही.

क्षमेच्या बाबतीत तर जैन घरांना दुसरीकडे शिकायला जावे लागू नये. संवत्सरीला आणि क्षमावणीला वर्षभरातील बऱ्यावाईटाची क्षमा मागण्याची रीत घराघरांत आहे. पूर्वी माणसे त्यासाठी एकमेकांच्या दारी जात. परगावच्या नातलगांना पत्रे लिहीत. आता फुलांच्या चित्रावर छापलेले 'मिच्छामि दुक्कडम्' एका क्षणात शेकडो लोकांना जाते. ज्यांच्याशी काही घडलेच नाही, त्यांची क्षमा मागून होते; ज्याच्याशी खरोखर घडले, त्याच्या घराची पायरी मात्र चढली जात नाही. ज्याने क्षमा मागायची त्याला ते कधी खटकत नाही. ज्याची मागायची तो मात्र आपले नाव त्या यादीत शोधीत नाही, तो दाराकडे पाहतो.

अण्णांनी ग्रुपवर काहीही लिहिले नाही. त्यांनी त्या तरुण नातलगाला बोलावले आणि संध्याकाळी दोघे दादाच्या घरी गेले. वाटेत तो तरुण म्हणाला, "अण्णा, ग्रुपवर सॉरी टाकतो की. घरी जायची काय गरज?" अण्णा म्हणाले, "बोललास सगळ्यांसमोर, तर मागे घेणंही सगळ्यांसमोर व्हायला हवं, ते तू करशीलच. पण आधी त्याच्या डोळ्यांकडे बघून बोल. मग काय लिहायचं ते तुला आपोआप कळेल." दादाने दोघांना बसवले, चहा दिला. तरुणाला धड बोलता आले नाही. अण्णांनी आपलाही हसरा चेहरा चुकीचा होता, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. दादाने "असू द्या अण्णा" म्हटले. पुढे तो घराण्यातल्या लग्नाला आला, जेवला, आहेरही केला. मात्र त्या ग्रुपवर त्याने पुन्हा कधी काही लिहिले नाही. अण्णांच्या वहीतले त्याचे खातेही पुन्हा उघडले गेले नाही. काही देणी फिटतात, पण त्यांची नोंद राहते.

म्हणून उपाय करायचा तो आधीच करावा आणि तो साधा आहे. विनोद पाठवण्यापूर्वी एवढेच पाहावे की, ज्याच्यावर तो आहे त्याच्या घरी बसून, त्याच्या मुलांदेखत, तोच विनोद तोंडाने सांगता येईल का. येत नसेल तर तो पाठवू नये. दुसऱ्याने पाठवला आणि तो खटकला, तर चारचौघांत त्याला झापण्यापेक्षा त्याच दिवशी त्याला एकट्याला फोन करावा. आणि ज्याच्यावर विनोद झाला त्यालाही एक फोन करावा. एवढे करणारा एक जरी माणूस घराण्यात असला, तरी दुखावलेल्याला आपण एकटे पडलो असे वाटत नाही. वाद मत सोडून माणसावर घसरू लागला, तर उरलेले बोलणे समोरासमोर बसून करावे. आणि न वाचता हसण्याची सवय मोठ्यांनी आधी सोडावी, कारण लहान माणसे विनोदाकडे पाहत नाहीत. त्यावर मोठे हसले की नाही, याकडे पाहतात.