स्टेशनावरचा दिवा

गेले चार महिने आमच्या वलगावच्या घरात, पुढच्या खोलीत, एका स्टेशनाचं बांधकाम चालू आहे. खोलीभर फेविकॉलचा वास, दिवाणावर पुठ्ठ्याचे कपटे आणि "हे कधी आवरणार?" हा घरच्यांचा रोजचा प्रश्न. तर मंडळी, मागच्या आठवड्यात त्या स्टेशनात एकदाचा दिवा लागला. ही त्या दिव्याची गोष्ट.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. वलगाव म्हणजे अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की लागतं ते. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ला पेढी नदीच्या पुलाजवळ देह ठेवला, ते हे गाव. पण मी बांधतोय ते स्टेशन इथलं नाही. ते आहे शकुंतलेच्या वाटेवरचं. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला जाणारी ती आमची वऱ्हाडची छोटी गाडी. इंग्रजांनी कापूस वाहायला घातलेली, दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. पुढे पुढे बऱ्याच स्टेशनांवर माणूसच उरला नव्हता, गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. आता गाडीही धावत नाही.

हे वेड कुठून लागलं म्हणाल, तर पुण्यातून. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ला ते लोकांसाठी उघडलं. मुलीच्या अॅडमिशनसाठी गेलो होतो तेव्हा सहज आत शिरलो आणि चिमुकल्या गाड्या बघत बसलो. मुलगी कंटाळली, मी नाही. परतीच्या प्रवासात एकच विचार डोक्यात घोळत होता : इथे सगळं आहे, आपली शकुंतला तेवढी नाही.

घरी येऊन गणित मांडलं आणि चकितच झालो. जगभर बरेच हौशी लोक १:८७ या प्रमाणात गाड्या करतात. शकुंतलेच्या ७६२ला ८७ने भागलं की येतात पावणेनऊ मिलिमीटर. आणि ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात! ते असतात दुसऱ्या, आणखी लहान प्रमाणातल्या मोठ्या गाड्यांसाठी, पण आमच्या छोटीला अगदी मापात बसतात. रूळ विकत आणले. स्टेशन मात्र कुठल्याच दुकानात नव्हतं.

म्हणून ते स्वतः बांधलं. माऊंट बोर्डच्या भिंती, कौलांसाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा, खांबांना अगरबत्तीच्या काड्या. सात फुटांचं दार इथे साडेचोवीस मिलिमीटरचं. नाव कुठल्याही एका स्टेशनाचं दिलेलं नाही, कारण आठवणीतल्या तीन स्टेशनांचे तुकडे जोडून हे झालंय.

लहानपणी आम्ही त्याच वाटेवरच्या एका खेड्यात राहायचो. बाबा दुसऱ्या गावी शाळेत मास्तर. शनिवारी ते गाडीने घरी यायचे. हिवाळ्यात दिवस लवकर मावळायचा, त्यात गाडीला उशीर, आणि आम्ही आईसोबत स्टेशनात उभे. त्या प्लॅटफॉर्मवरचा पिवळा, ऊबदार उजेड मला अजून आठवतो. मॉडेलमध्ये मला आणायचा होता तो हाच.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. जुन्या राउटरचं १२ व्होल्टचं अॅडॅप्टर, ३ मिलिमीटरचा एक पिवळसर पांढरा एलईडी, सोबत ४७० ओहमचा रेझिस्टर. खोलीतला दिवा मालवून बटण दाबलं तर खिडकीतून उजेड यायच्या ऐवजी सगळं स्टेशनच आकाशकंदिलासारखं पेटलं! भिंती चमकताहेत, कोपऱ्यांतून तिरिपा, छप्पर आणि भिंतीच्या मधल्या फटीतून वेगळाच झोत. पुठ्ठा उजेड अडवत नाही, हे तेव्हा कळलं. मग छप्पर काढून आतून सगळ्याला काळा रंग दिला, सांध्यांना काळी टेप लावली, मास्तरांच्या खोलीला स्वतंत्र भिंती घातल्या आणि फक्त तेवढी खोली काळ्यावर पुन्हा पांढरट रंगवली. शहाण्याने हे बांधायच्या आधी करावं.

दुसरा घोळ आकाराचा. खरा कंदील फूटभर उंच, म्हणजे या प्रमाणात साडेतीन मिलिमीटर. माझा एलईडीचा दाणा जवळपास अख्ख्या कंदिलाएवढा! म्हणून सर्किट बोर्डावर चिकटवतात तसले बारके एलईडी मागवले. लांबी १.६ मिलिमीटर, म्हणजे खऱ्यातले चौदा सेंटिमीटर, साधारण कंदिलाच्या काचेएवढे. त्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेला पिवळा जिलेटिनचा कागद चिकटवला. प्लॅटफॉर्मवर दोन खांब उभे करून दोघांवर एकेक दिवा टांगला. झकास दिसत होतं. मी खूश.

बाबांना बोलावलं. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही, आणि उजेड कमी असला की फारच थोडं. ते खुर्ची ओढून बसले, नाक जवळजवळ रुळाला लागेपर्यंत वाकले आणि म्हणाले, "अबे, हे काय लग्नघर हाय काय? एवढा उजेड काहून पाडला?"

मी म्हटलं, "बाबा, प्लॅटफॉर्मवर दिवे होते ना. मला चांगलं आठवतं."

"कुठी होते? मास्तरच्या खोलीत एक होता, तेवढाच. भायेर तं ठार अंधार. डब्यातून उतरलो का मी पयले तुह्या मायचा कंदील पाहो. अन् मंग त्याच्याकडं चालत येओ."

मी गप्पच बसलो. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. पन्नास वर्षं मी जो स्टेशनचा उजेड म्हणून जपून ठेवला होता, तो आमच्याच घरचा कंदील होता. मी तिच्या पदराला धरून उभा असायचो. साहजिकच जिथे मी असेन तिथे उजेड असायचा. तो दिवा स्टेशनचा आहे की आईच्या हातातला, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही खांब उपटले. भोकं मातीने बुजवली. बारीक तार आणि एम-सीलची आई केली, साडेसतरा मिलिमीटर उंच. पाठीमागून इनॅमलची केसासारखी तार नेऊन तिच्या हातात तो दिवा दिला. लुगड्याचा रंग काय द्यावा म्हणून बाबांना विचारलं. "अंधारात कुठी रंग दिसते बे?" शेवटी हिरवा दिला, कारण ट्रंकेत हिरवं आहे.

आता उजेड किती ठेवायचा? ४७० ओहमला जवळपास १९ मिलिअँपियर जातात, त्याने ती आई कमी आणि मोटारसायकलचा हेडलाइट जास्त वाटायची. वाढवत वाढवत १० किलोओहमवर आलो. म्हणजे एक मिलिअँपियरही नाही. खोली काळोखी करून बघितलं. पायाजवळ हातभर पिवळं वर्तुळ, पुढे काहीच नाही. अगदी खरं.

आणि बाबांना काही दिसेना.

इथे मात्र माझं अडलं. खरं तसं ठेवावं तर ज्यांच्यामुळे ते खरं झालं त्यांनाच दिसत नाही. त्यांना दिसेल एवढं वाढवावं तर पुन्हा लग्नघर. दोन दिवस रेझिस्टर बदलत बसलो. बायको म्हणाली, "पंख्याला रेग्युलेटर असतो, याला नाही का?" आता काय बोलणार! एक किलोओहमचा रेझिस्टर कायमचा ठेवला आणि त्याच्यापुढे १०० किलोओहमचा पॉट जोडला, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा. ते बटण प्लायच्या कडेला, बाबांचा हात सहज पोचेल असं बसवलं.

आता रोज संध्याकाळी जेवणाआधी ते येऊन बसतात. बटण पूर्ण फिरवतात, वाकून आईकडे बघतात. मग हळूहळू कमी करत आणतात. परवा मी बाजूला उभा होतो. त्यांनी इतकं कमी केलं की मलाच जेमतेम दिसत होतं.

"दिसते काय बाबा?"

"नाई," ते म्हणाले. "पण एवढाच होता."

आणि बटण तिथेच ठेवून जेवायला उठले.

असो. छपराची शेवटची ओळ चिकटवायची राहिलीय, आणि स्टेशनाबाहेर एक निंब हवा. नातलगांपैकी कुणाकडे त्या वाटेवरच्या एखाद्या स्टेशनाचा जुना फोटो असेल तर जरूर कळवा. दिव्यांबद्दल मात्र आता काही विचारायचं उरलं नाही.