तेवढा दिवा घालवून द्या

आमच्या गॅरेजात येणारे गिऱ्हाईक हल्ली 'गाडी बिघडली' असे म्हणत नाही. ते म्हणते, "दिवा लागलाय, तेवढा घालवून द्या." मीटरमध्ये पिवळ्या रंगात इंजिनाचे चित्र उमटते, तोच हा दिवा. गाडी चालते आहे, पिकअप बरा आहे, ॲव्हरेजही फारसे पडलेले नाही, मग हा कशाला पेटला? तक्रार दिव्याविषयी असते, गाडीविषयी नसते.

दिवा घालवणे सोपे आहे. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा आणि पुसून टाकायचा. पाच मिनिटांचे काम. सोलापुरात ते करून देणाऱ्यांची वाण नाही. पुसलेला दिवा चार दिवसांनी पुन्हा पेटतो, तेव्हा गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजात जाते.

आम्ही तिघे भाऊ या धंद्यात अब्बांच्या हाताखाली वाढलो. अब्बांचा सगळा जन्म कार्बोरेटरवर गेला. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता, प्लग होता. प्लग खोलून उन्हात धरायचे. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरट असला तर हवा जास्त, कॉफीच्या रंगाचा असला तर इंजिन ठीक. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि कॉम्प्युटर ठरवू लागला की पेट्रोल किती सोडायचे. आमच्या धंद्यातल्या कितीतरी जुन्या उस्तादांनी तेव्हा पाना खाली ठेवला. कुणी टायरचे दुकान टाकले, कुणी मुलाला आखातात धाडले.

अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हे सॉकेट आणि ही कोडांची भाषा सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारचे नियम २०१० साली आधी निवडक तेरा शहरांत आले, आणि त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर आमच्या सोलापूरचे नाव होते. हा मान हवेच्या प्रदूषणामुळे मिळाला, ही गोष्ट वेगळी! २०१३ पासून ओबीडीची दुसरी पायरी आली, म्हणजे गाडी स्वतःच्या धुरावरही नजर ठेवू लागली. २०२० मध्ये स्टेज सहा आली आणि सेन्सर आणखी वाढले. मोहल्ल्यातल्या फिटरला कुणी विचारले नाही की बाबा, तुला हे वाचता येते का.

तर कोड म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण गरिबाचा पैसा इथेच बुडतो. कोड हा साक्षीदाराचा जबाब आहे, काझीचा निकाल नाही. सेन्सर आपल्याला दिसले ते सांगतो. गुन्हेगार कोण, ते त्याला ठाऊक नसते.

उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर गाडी घेऊन आले होते. कोड होता पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. आधी एका ठिकाणी त्यांचा ऑक्सिजन सेन्सर बदलला होता. दिवा तीन दिवसांनी परत आला. मग सांगण्यात आले की हवा मोजणारा सेन्सर बदलावा लागेल. पहिल्याच बिलात मास्तरांची एका महिन्याची पेन्शन बरीचशी गेली होती. जुना सेन्सर त्यांनी खोक्यात घालून जपून आणला होता, जणू शाळेच्या दप्तरातला पुरावा.

ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसतो. चांगला तापल्यावर तो स्वतः थोडी वीज निर्माण करतो. धुरात प्राणवायू जास्त उरला तर शून्य पॉइंट एक व्होल्टच्या जवळ, कमी उरला तर शून्य पॉइंट नऊच्या जवळ. त्याने सांगितले की हवा जास्त आहे. आता खरोखरच हवा जास्त असेल, तर तो खरे बोलला ना? खरे बोलणाऱ्यालाच काढून फेकले आणि नवा आणला. नवाही तेच बोलला.

आम्ही कोड बाजूला ठेवला आणि स्कॅनरवर चालत्या इंजिनाचे आकडे पाहिले. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के जादा पेट्रोल सोडतो आहे, हे तिथे दिसते. गाडी उभ्या जागी संथ चालू असताना हा आकडा बावीस टक्के होता. रेस देऊन अडीच हजार फेऱ्यांवर नेली तर तो पाचवर आला. इथेच निम्मे उत्तर मिळाले. पेट्रोलचा पंप कमजोर असता किंवा हवेचा सेन्सर धुळीने माखलेला असता, तर रेस वाढवल्यावर तूट वाढायला हवी होती. इथे उलट झाले. याचा अर्थ सेन्सरच्या पुढे कुठेतरी भोक आहे आणि न मोजलेली हवा चोरून आत शिरते आहे. इंजिन संथ असताना आतली ओढ सर्वांत जास्त असते आणि एकूण हवा थोडी, म्हणून चोरीचा हिस्सा मोठा दिसतो. थ्रॉटल उघडला की तीच चोरी मोठ्या हवेत विरून जाते.

धाकट्याने व्हॅक्यूमच्या पाइपांवर एकेक करून क्लीनरचा फवारा मारला. मागच्या बाजूच्या एका रबरी वळणावर फवारा पडताच इंजिनाचा सूर बदलला. पाइप वरून धड दिसत होता, खालून चिरला होता. सोलापूरच्या उन्हात बोनेटखालचे रबर असेच मरते. नवा पाइप बसवला, जादा पेट्रोलचा आकडा तीनवर आला. पाइपाचे आणि मजुरीचे पैसे मिळून मास्तरांच्या आधीच्या बिलाच्या दहाव्या हिश्शाइतकेही झाले नाहीत. त्यांनी खोक्यातला जुना सेन्सर पुढे केला आणि विचारले, "मग हा कसा आहे?" आम्ही तो लावून बघितला. ठणठणीत होता.

अब्बांची नजर आता कमी झाली आहे, पण ते रोज येऊन खुर्चीवर बसतात. त्यांना हा किस्सा सांगितला तर म्हणाले, "प्लग खोल के देखा क्या रे?" खोलला होता. पांढरा होता.

दुसरी अडचण इंग्रजीची. आमच्याकडची पोरे आठवी-नववी करून आलेली. स्कॅनरवर अक्षरे उमटतात, ती कशीबशी जुळवतात. पी ०११८ हा कोड आला की तिथे पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचे नाव येते आणि पुढे 'हाय' असा शब्द. पोरगे म्हणते, इंजिन तापलेय. ते थर्मोस्टॅट खोलते, रेडिएटर धुवायला काढते. पण ते 'हाय' तापमानाचे नाही, तारेतल्या व्होल्टेजचे आहे. हा सेन्सर गार असताना जास्त विरोध करतो, तापला की कमी. तार तुटली तर विरोध अपार होतो, व्होल्टेज वर चढते आणि कॉम्प्युटरला वाटते की बाहेर भयंकर थंडी आहे. मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, स्कॅनर बहुतेक गाड्यांत उणे चाळीस दाखवतो. मग गाडी पेट्रोल जादा ओढते आणि काळा धूर सोडते.

याची परीक्षा सेन्सर न बदलता होते. कपलर काढून त्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडायची. स्कॅनरवरचा आकडा उणे चाळीसवरून एकदम दुसऱ्या टोकाला उडाला, तर वायरिंग आणि कॉम्प्युटर चांगले, सेन्सर गेला. आकडा जागचा हलला नाही, तर सेन्सर निर्दोष, तार शोधा. पावसाळ्यात आमच्याकडे दहातल्या निम्म्या तारा उंदरांनी खाल्लेल्या निघतात.

'हाय'चा हा अर्थ पोरांना आमच्या भाचीने समजावला. ती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. वायरिंगचा नकाशा तिला वर्तमानपत्रासारखा वाचता येतो. तिने आमच्यासाठी एक वही केली आहे. डाव्या पानावर कोड आणि त्याचा मराठीत अर्थ, उजव्या पानावर आमच्या गॅरेजात प्रत्यक्षात काय बिघाड निघाला ते. पी ०१७१ च्या समोर आजवर सतरा गाड्या आहेत. ऑक्सिजन सेन्सर खराब निघाला, अशी त्यांत एक आहे. मुलीने गॅरेजात बसू नये, असे सांगायला नात्यातल्या दोघी आपाकडे येऊन गेल्या. आपाने त्यांना चहा पाजला आणि भाचीला रविवारी नेहमीप्रमाणे डबा देऊन आमच्याकडे पाठवले.

दिवा घालवण्याचा खरा बाजार जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आहे. एक एजंट आम्हांला महिन्याला तीन-चार गाड्या देत असे. गिऱ्हाईक बघायला येण्याच्या आदल्या संध्याकाळी कोड पुसून द्यायचा, एवढेच काम. आम्ही म्हणालो, बिघाड काढून मग पुसू. तो म्हणाला, बिघाड विकत घेणारा काढील. अब्बांनी खुर्चीवरूनच नकार दिला. ज्याने पै-पै जोडून पहिली गाडी घेतली, त्याच्या पैशाची ही चोरीच, असे त्यांचे म्हणणे. एजंट गेला. त्याच्याबरोबर महिन्याचे ठरलेले उत्पन्नही गेले आणि त्या वर्षी एका पोराला कमी करावे लागले. हे सोसणे सोपे नव्हते.

आता जुनी गाडी घेणारे कुणी दाखवायला आले, तर आम्ही कोड बघण्याआधी एक पान उघडतो. कोड पुसला की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्याही पुसल्या जातात, आणि गाडी निरनिराळ्या वेगाने काही दिवस चालल्याशिवाय त्या पुऱ्या होत नाहीत. दिवा विझलेला आणि तपासण्या अपुऱ्या, असे दिसले की विकणाऱ्याला विचारावे, काल संध्याकाळी गाडी कुठे होती?

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकांना बजावतो. दिवा स्थिर असेल तर दोन-चार दिवस सवडीने या. उघडझाप करत असेल तर गाडी दामटू नका. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असतो, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची जाळी वितळते. त्यात प्लॅटिनमच्या जातीचे धातू असतात, म्हणून ते बदलणे कंबर मोडणारे.

सध्या वहीत एक पान अर्धे कोरे आहे. पी ०३०३, तिसरा सिलिंडर मिसिंग. प्लग बदलला, कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहिली, इंजेक्टर तपासला, सगळे ठीक. कोड पडतो त्या क्षणाचे आकडे कॉम्प्युटर जपून ठेवतो. भाचीने ते पाहिले तर प्रत्येक वेळी इंजिन थंड आणि गाडी उभी. तारखा विचारल्या तर मालकाला आठवले, रात्री पाऊस पडला की सकाळीच असे होते. ओल कुठेतरी ठिणगी पळवते आहे. त्यांना सांगितले आहे, पुढच्या पावसानंतर गाडी घरी चालू करू नका, पुसूही नका. फोन करा, आम्ही स्कॅनर घेऊन येतो.