दिवाळी ते होळी : सातपुड्यात मागे राहणारी माणसे

वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींच्या एकटेपणाचा अभ्यास करताना दोन अवस्था वेगळ्या धरल्या जातात. माणसाच्या आयुष्यातील भेटीगाठी आणि येणेजाणे प्रत्यक्षात घटते, तेव्हा त्या अवस्थेला सामाजिक विलगता म्हणतात. हवे असलेले संबंध आणि लाभणारे संबंध यांतील अंतर मनाला जाचू लागते, तेव्हा त्या जाणिवेला एकाकीपणा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो, आणि दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध असल्याचा अंदाज आहे. या प्रश्नाची चर्चा सहसा शहरांतील बंद सदनिका आणि परदेशी गेलेली मुले यांच्यापाशी थांबते. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात मात्र एकाकीपण बारमाही नसते. ते दिवाळीनंतर येते आणि होळीच्या सुमारास ओसरू लागते. प्रस्तुत लेखिकेने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांच्या निमित्ताने वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींसोबत अनेक हिवाळे जो वावर केला, त्यातून हाती आलेला अनुभव येथे मांडला आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार २९५ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. जिल्ह्याच्या उत्तर भागातील सातपुड्यात भिल्ल आणि पावरा समाजाची घरे एकमेकांना खेटून नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेताजवळच्या टेकाडावर असते, अशा विखुरलेल्या घरांचा पाडा होतो आणि अनेक पाडे मिळून एक महसुली गाव होते. गुडघे साथ देतात तोवर हे अंतर कोणाला जाणवत नाही, कारण पाणी, गुरे, सरपण आणि बाजार यांच्या निमित्ताने माणसे दिवसभर एकमेकांच्या वाटेत येत असतात. पाय थकले किंवा दृष्टी गेली की समोर दिसणारे घरसुद्धा गाठता येईनासे होते.

या भूगोलात स्थलांतराची भर पडते. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबे दिवाळी सरली की दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला निघतात. तेथे काम एकेकट्या मजुराला न देता दोघांच्या जोडीला दिले जाते आणि त्या जोडीला कोयता म्हणतात; त्यामुळे घरातील धडधाकट नवरा-बायको दोघेही एकदमच बाहेर पडतात, लहान लेकरे त्यांच्यासोबत जातात आणि शाळेच्या वयाची मुले बऱ्याचदा आश्रमशाळेत असतात. मागे राहतात त्या म्हाताऱ्या व्यक्ती, अंध आणि अधू माणसे, आणि त्यांच्या भरवशावर सोडलेल्या शेळ्या-कोंबड्या. ज्यांची काळजी घेतली जावी, त्यांच्यावरच घराची राखण येऊन पडते.

अशा दिवसांत पाड्यावर गेल्यावर लेखिकेला पुन्हा पुन्हा जाणवले ते हे, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बराच वेळ मिळत नसे आणि बोलणे एकदा सुरू झाले की ते थांबत नसे. सरकारी कागदांवरचे प्रश्न मराठीत असत, उत्तरे पावरीत किंवा भिलोरीत येत, आणि त्या उत्तरांत वयाचा दाखला वा खाते क्रमांक यांहून मुलाची खबर, शेळीचे दुखणे, रात्रीची भीती अशा गोष्टीच अधिक असत. एका पाड्यावर मुलगा आणि सून ऊसतोडीला गेल्याने एकटी राहिलेली एक आजी भेटली. तिने निवृत्तिवेतनाविषयी काहीच विचारले नाही. यंदा पाड्यावर आणखी कोण कोण राहिले आहे, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. नाल्यापलीकडच्या टेकाडावर तिच्याच वयाची, तिच्याच माहेरच्या गावची एक बाई तशीच एकटी होती आणि या दोघींना एकमेकींचा पत्ताच नव्हता. दोघीही धरून चालल्या होत्या की दुसरीला तिच्या मुलाने सोबत नेले असेल. असाच प्रकार पुढे इतर पाड्यांवरही आढळत गेला, आणि येथील विलगतेचे एक मोठे कारण निव्वळ माहितीचा अभाव हे आहे, ही गोष्ट ठळक झाली.

दिव्यांगांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि त्यांत सिकलसेल आजाराचाही समावेश केला. या आनुवंशिक आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना व सततचा थकवा निर्माण करतात. सातपुड्यातील आदिवासी समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलचा तरुण रुग्ण वरकरणी धडधाकट दिसतो, त्याला ऊसतोड झेपत नाही, आणि म्हणून तो आळशी ठरवला जातो. परिणामी वृद्धांनी उरलेल्या पाड्यावर तो आपल्या वयाच्या सोबत्यांशिवाय राहतो. चालता न येणाऱ्या व्यक्तीला शिबिरात तीनचाकी सायकल मिळते, पण चढ-उताराच्या पायवाटेवर ती चालत नाही आणि बहुधा ओसरीवरच पडून राहते. साधन मिळाल्याची नोंद होते, मात्र त्या व्यक्तीचे बाहेर पडणे होत नाही.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ही ६५ वर्षांवरील गरजूंसाठी आहे, तर संजय गांधी निराधार अनुदान योजना निराधार व दिव्यांग व्यक्तींसाठी आहे. २०२३ मध्ये या योजनांची दरमहा रक्कम १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आली. या पैशाने धान्य आणि औषध येते, म्हणून त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. परंतु कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर जुळत नाहीत, हयातीचा दाखला वेळेवर गेला नाही तर रक्कम अडकते, आणि प्रत्येक खेपेला जीपचे भाडे मोजावे लागते. एवढे असूनही पुष्कळ वृद्ध बाजाराच्या दिवशीच बँकेत जाण्याचा आग्रह धरतात, असे लेखिकेच्या पाहण्यात आले. खात्यात काही जमा नसेल हे ठाऊक असतानाही ते रांगेत बसत, कारण दूरच्या पाड्यांवरचे व्याही, मावसबहिणी आणि तरुणपणचे सोबती त्यांना त्याच रांगेत भेटत असत. घरपोच सेवा हवीच; मात्र तिने बाजारवाट बंद पडणार असेल, तर त्या माणसांची हक्काची भेट कुठे घडेल याचाही विचार तिच्या आखणीत असला पाहिजे.

विस्थापित वृद्धांची स्थिती याहून वेगळी आहे. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली आणि अनेक कुटुंबे तळोदा तालुक्यातील सोमावल, रोझवा, रेवानगर अशा वसाहतींत आली. तेथे घरे जवळजवळ आहेत आणि रस्ताही आहे, तरी काही आप्त नर्मदाकाठच्या डोंगरातच राहिल्याने नाती दोन ठिकाणी विभागली गेली. शेजार मिळाला म्हणजे सोबत मिळाली, असे होत नाही, हे या वसाहतींतील वृद्धांशी बोलताना स्पष्ट होते.

उपायांपैकी टिकले ते साधेच होते, आणि त्यांची मुळे स्थानिक रीतींत होती. सातपुड्यात लाह नावाची परंपरा आहे. एखाद्याचे घर बांधायचे किंवा निंदणी करायची असेल, तर सारा पाडा विनामजुरी त्याच्या कामाला जातो आणि पुढे तोही इतरांच्या कामाला जातो. त्याच धर्तीवर एका पाड्यावर आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांच्या पुढाकाराने, मागे राहिलेल्यांनी ठरलेल्या दिवशी अंगणवाडीच्या अंगणात जमावे असे ठरले. नुसते गप्पांसाठी या, म्हटल्यावर कोणी येईना. बियाणे निवडणे, शेंगा फोडणे, गोधडी शिवणे अशी हातातली कामे घेऊन बसायचे ठरले, तेव्हा माणसे आली. अंध आजोबांनी दोर वळले, आज्यांनी कोणते वाण कसे राखायचे हे सेविकेला सांगितले. सिकलसेलमुळे घरी राहिलेल्या एका तरुणाने सर्वांचे निरोप पावरीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, रेंज मिळणाऱ्या टेकडीवरून ते गुजरातला पाठवले आणि आलेली उत्तरे ऐकवली. त्या अंगणात तो कोणाला आळशी वाटला नाही. आपली गरज कोणाला तरी आहे, ही खात्री मिळाली की माणूस ऊठबस करू लागतो, हे त्या हिवाळ्यात अनेकदा दिसले.

याकरिता मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा, लागू असलेल्या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी मिळतो, आणि स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतींना बंधनकारक आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपयुक्त आहे, तथापि जेथे रेंज नाही तेथे शेजारचे माणूसच मदतवाहिनी असते. म्हणून प्रत्येक ग्रामसभेने दिवाळीपूर्वी पाडानिहाय यादी करावी: यंदा कोण मागे राहणार, त्याच्या जवळ दुसरे कोण राहणार, त्याच्याकडे कोण फेरी मारणार, आणि त्याच्या मुलाचा व मुकादमाचा संपर्क क्रमांक काय. ती यादी ग्रामसभेत मोठ्याने, तेथील बोलीत वाचून दाखवावी आणि मागे राहणाऱ्यांची एकमेकांशी गाठ तेथेच घालून द्यावी. ऊसतोडीची पहिली गाडी पाड्याखालून सुटण्याआधी हे काम पूर्ण करणे प्रत्येक गावाला शक्य आहे, आणि ते गावाचे कर्तव्यही आहे.