ब्रेकची डिस्क आणि वडिलांचे हात

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. ठाण्याहून घरी परतताना मुंब्रा बायपासचा उतार लागला आणि आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा कर्कश आवाज आला. पुढे कंटेनर, मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुले. ब्रेक लागला, पण उशिरा. स्टिअरिंग हातात थरथरले. "काय रे, गाडी अशी का रडते?" आईने विचारले. "जुनी आहे ना," म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

खरे सांगायचे तर तो आवाज आम्ही तीन महिने ऐकत होतो. मुलीची फी, खोलीचा हप्ता, मंडळाची वर्गणी यांत ब्रेकचा नंबर लागत नव्हता. त्या रात्री मात्र झोप आली नाही.

आमचे वडील कुर्ला कारशेडमध्ये खलाशी होते. लोकलच्या चाकांवर दाबले जाणारे ब्रेकब्लॉक झिजले की बदलायचे, हे त्यांचे काम. कोळसेवाडीतल्या खोलीत परत आले की त्यांच्या हातांचा काळेपणा साबणाने जात नसे. ते सांगत, कसारा घाटाचा उतार ३७ फुटांना १ फूट असा आहे. म्हणून घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीला गाडी थांबवून ब्रेक तपासतात. त्यांनी आम्हाला बी.कॉम. केले ते हात काळे होऊ नयेत म्हणून. आम्हीही शाळेत वडिलांचा धंदा विचारला की "रेल्वेत आहेत" एवढेच सांगत असू. खलाशी हा शब्द गिळत असू.

गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा आमच्या महिन्याच्या किराण्याइतका होता. शेजारच्या ताईंचा मुलगा आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून कामाला लागला आहे. त्याने चाकाआड वाकून पाहिले आणि म्हणाला, "काका, पॅड संपून पत्रा डिस्कवर घासतोय. डिस्कला चरे पडलेत. रविवारी दारातच बदलू. पण मी सांगेन तसंच करायचं."

रविवारी काम सुरू झाले. गाडी सपाट जागी घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले, मग जॅक. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू द्यायला तो तयार नव्हता. त्याने लोखंडी घोडी आणून खाली लावली. चाक काढले. कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट काढून कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला, कारण रबरी नळीवर त्याचे ओझे पडले तर नळी आतून फाटू शकते. पॅड काढले, ब्रॅकेट काढला. डिस्क गंजाने चिकटली होती, ती हातोडीने ठोकून सैल केली.

जुनी डिस्क हातात घेऊन त्याने व्हर्नियरने जाडी मोजली. किमान जाडी किती हवी ते डिस्कवरच कोरलेले असते. आमची त्याहून खाली गेली होती. त्याने समजावले की गाडीचा वेग दुप्पट झाला तर थांबताना उष्णता चौपट निघते, आणि ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या ब्रेकवर जास्त ताण. झिजून पातळ झालेली डिस्क लवकर तापते. बदलायच्या तर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकदमच. नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला. तो राहिला तर नवी डिस्क डगमगते. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. आम्ही पुसायला रॉकेलचे फडके उचलले, तर त्याने हात धरला. रॉकेलचा ओशटपणा मागे राहतो; ब्रेक क्लीनरच हवा. पिस्टन आत ढकलला, नवे पॅड बसवले. दुसऱ्या बाजूलाही तसेच. चाकाचे नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळले.

डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. त्यांनी तांब्याचे पॅड वापरले आणि तो ब्रेक भयंकर किंचाळे, असे वाचले होते. आमचे वाचन असे सगळे; कामाच्या वेळी मात्र रॉकेलचे फडके हातात!

काम संपले. "मी हात धुऊन येतो, तोवर गाडीला हात लावू नका," असे सांगून तो गेला. आम्हाला कुठला धीर? आत बसलो, गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला. मागे गल्लीत मुले विटांचा स्टंप मांडून क्रिकेट खेळत होती. ब्रेकवर पाय दिला तो पेडल थेट तळाला गेले! गाडी सरकतच होती. कसाबसा हँडब्रेक ओढला. विटा दोन हातांवर राहिल्या. मुले जिथल्या तिथे थिजली.

तो धावत आला. ओरडला नाही. "काका, पिस्टन आपण आत ढकललाय ना? तो पुढे येऊन पॅड डिस्कला टेकेपर्यंत पेडल बऱ्याच वेळा दाबायचं. कडक लागलं की मगच गाडी हलवायची." आमचे हातपाय कापत होते. मग त्याने पेडल कडक करून घेतले, ब्रेक ऑइलची पातळी पाहिली, गळती नाही ना ते पाहिले आणि रिकाम्या रस्त्यावर सावकाश चाचणी घेतली. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा, असेही बजावले.

संध्याकाळी आम्ही पैसे पुढे केले. "घरच्यांकडून कसले पैसे?" तो म्हणाला. क्षणभर आम्हालाही बरे वाटले. तेवढ्यात मुलांची आई म्हणाली, "तुम्ही सभेत वेठबिगारीवर बोलता ना?" मान खाली गेली. ज्यांच्या आजा-पणजांनी गावकीची कामे फुकट केली, त्यांनीच आपल्या पोराच्या हातचे कसब फुकट घ्यावे? आम्ही गॅरेजवाल्याने सांगितली होती तेवढीच मजुरी त्याच्या हातात ठेवली.

वाचक बंधुभगिनींनो, ब्रेकचे काम घरी करावे, पण जाणकार हात सोबत असेल तरच, आणि त्याचे पुरते ऐकावे. आवाज आला की त्याच आठवड्यात चाक उघडावे.

रात्री आमच्या नखांतला काळेपणा साबणाने गेला नाही. आईने हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "अगदी त्यांच्यासारखा दिसतोय." सोमवारी ऑफिसात सहकाऱ्याने विचारले, हे काय झाले? आम्ही ब्रेकचे सांगितले, आणि न विचारताच पुढे म्हणालो, "आमचे वडील कारशेडमध्ये खलाशी होते."