विषयाची व्याप्ती आणि एक प्रश्न

संशोधनाच्या आरंभी अभ्यासकाला व्याप्तीचा मोह पडतो. विषय मोठा असला की प्रबंधही मोठा ठरेल, असे त्याला वाटते. तालुक्याच्या गावी मराठी शिकविणाऱ्या एका अध्यापिकेचेही असेच झाले. पीएच.डी.साठी त्यांनी योजलेला विषय होता : ‘मराठीतील स्त्रियांची आत्मचरित्रे : एक अभ्यास’. दोन वर्षांत आठ वह्या भरल्या. प्रत्येकीत लेखिकेचा परिचय, कथनाचा सारांश आणि भाषाशैलीविषयी चार वाक्ये होती. मार्गदर्शकांनी वह्या चाळल्या आणि एवढेच विचारले, ‘यातून तुम्हांला काय जाणून घ्यायचे आहे?’ त्यांना उत्तर देता आले नाही.

प्रश्न सापडला तो घरी. दुसरीतून शाळा सुटलेली आजी वह्यांवरून हात फिरवीत म्हणाली, ‘या बायकांना शिकू कोणी दिलं गं?’

त्या रात्री त्यांनी तीच पुस्तके पुन्हा उघडली आणि अक्षरओळखीच्या जागा तेवढ्या खुणावल्या. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये (१९१०) शिकविणारे पती घरातले, आणि शिकण्याला विरोध करणाऱ्या स्त्रियाही घरातल्याच. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’मध्ये (१९८६) शिक्षणाची वाट जातिव्यवस्थेतून काढावी लागते. ७६ वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन कथनांत शिकू देणारे कोण, अडविणारे कोण, आणि लेखिका त्या दोघांविषयी कोणत्या स्वरात बोलते? या प्रश्नाचे उत्तर त्यांना आधी ठाऊक नव्हते. म्हणूनच तो प्रबंधाला पुरेसा होता.

निवडीची किंमतही द्यावी लागली. ‘स्मृतिचित्रे’वरील वही सर्वांत जाड होती, ती कपाटात ठेवताना त्यांचा हात अडखळला. मात्र ती वही आवडीने भरलेली होती, प्रश्नाच्या शोधात भरलेली नव्हती, हे त्यांना आता दिसत होते. उरलेल्या दोन पुस्तकांचे वाचन मात्र ओळीओळीने सुरू झाले.

नव्या संशोधकाने आपल्या शीर्षकातील ‘एक अभ्यास’ हे शब्द खोडून त्या जागी एक प्रश्नवाक्य लिहून पाहावे. ते लिहिता आले, तर कोणती पुस्तके ठेवायची आणि कोणती सोडायची, हे तोच प्रश्न सांगतो. लिहिता आले नाही, तर आणखी एक वही भरण्यापूर्वी थांबणे बरे.